भरिताच्या माथी मारलेली सुई

चोपड्याकडच्या आमच्या घरात सुनेनं जेठासमोर तोंड उघडायचं नाही, अशी रीत होती. नवऱ्याचा थोरला भाऊ बसला असेल तिथं डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा आणि मुकाट उभं राहायचं. ही रीत माझ्या जिवावर उठली होती.

मुतखड्यानं माझी कंबर धरली तेव्हा जळगावला एका डॉक्टरांनी फोटो काढायचं ठरवलं. फोटोत मूत्रपिंड उठून दिसावं म्हणून आधी दंडाच्या शिरेत औषधाची सुई दिली. औषध आत जातं न जातं तोच अंगाची आग झाली. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, गळा आवळला. दुसरी सुई टोचून त्यांनी मला माघारी आणलं. फोटो राहिलाच.

घरी सासूबाईंनी आमसूल चोळलं, घोंगडीत गुंडाळलं आणि निकाल दिला: आदल्या दिवशी भरीत खाल्लं, त्याचंच पित्त. झालं! माझं भरीत बंद. खानदेशात राहून भरीत बंद, म्हणजे काय शिक्षा ती! माहेरी गेले की मी पोटभर भरीत हाणायची. कधी एक गांध उठली नाही. पण मला विचारतो कोण?

वर्षभरानं दुखणं पुन्हा उसळलं. जेठांनी धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी तीच सुई भरायला घेतली आणि विचारलं, "आधी कधी या औषधाचा त्रास झाला होता?"

मी पदराआड. उत्तर जेठांनी दिलं, "नई साहेब, बठ्ठं बरं शे. एकडाव भरीत जास्त खाई गई व्हती, पित्त उठनं."

डॉक्टर सुई घेऊन पुढं आले. मनात म्हटलं, मेले तरी हे भरिताचंच नाव घेतील. मी पदर मागं सारला.

"भरीत नई, ती सुई व्हती. औषध आत गयं आणि मना श्वास कोंडाई गया."

डॉक्टरांनी सगळं खोदून विचारलं, सुई खाली ठेवली आणि औषधाशिवाय साधाच फोटो काढला. खडा त्यातही स्पष्ट दिसला. पुढं ऑपरेशन करून काढला.

घरी आल्यावर सासूबाई दारातच म्हणाल्या, "जेठासमोर बोललीस म्हणे?"

"बोलले. नसते बोलले तर आज तुमच्यासमोर बोलायलाही उरले नसते."

आणि चुलीपाशी जाऊन वांगी भाजायला घातली.