उचलायची बाटली

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, तेंदूपानाच्या हंगामात, एका मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास आमच्या स्टेशनच्या गँगचा मेट कलालाच्या भट्टीवर जाऊन दारू प्यायला. त्याआधी चौदा महिने त्याने दारू तोंडाला लावली नव्हती. मी त्या वेळी स्टेशनवर ड्यूटीवर होतो.

गोंदियाहून दक्षिणेला जंगलातून जाणाऱ्या छोट्या लाइनीवरचं ते स्टेशन. मी तिथे तारबाबू होतो. तारा घ्यायच्या, तारा द्यायच्या, तिकिटं फाडायची, डायरी लिहायची. मेट म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या दहा माणसांचा मुकादम. हा मेट देवरीकडचा गोंड, वय पंचेचाळिशीचं. गाडीखाली माणूस आलं तर तिथे सगळ्यांत आधी तोच पोचायचा. पोलीस जमादाराचा पंचनामा झाला की प्रेत रुळांवरून ढकलायच्या ठेल्यावर घालून स्टेशनवर आणायचं कामही त्याचंच. ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

त्या कामाची एक रीत होती. प्रेताला हात लावण्याआधी जमादार मेट आणि गँगमधले तिघे अशा चौघांना मिळून मोहाची एक बाटली आणवून देई. तिला सगळे उचलायची बाटली म्हणत. थोडी मेलेल्याच्या नावाने जमिनीवर सांडायची, उरलेली चौघांनी प्यायची, मग उचलायचं. मेट विशीत लाइनीवर लागला तेव्हापासून हे करत होता. आधी तो उचलण्यापुरता प्यायचा. मग उचलल्यावर चार-चार दिवस. पुढे रोज.

कारण त्याने मला एकदाच सांगितलं.

"ते येऊन बसून राहतात, बाबू. दारातच. पेलो का मंग नाई दिसत."

मेलेल्यांची नावं त्याला माहीत नसत. तो त्यांना मैलाच्या दगडावरून ओळखायचा. चौतिसाव्या मैलावरची बाई. एकतिसाव्यावरचा म्हातारा, बहिरा होता.

आदल्या वर्षीच्या शिवरात्रीला त्याच्या बायकोने त्याला प्रतापगडच्या जत्रेला नेलं. गडावर महादेव आहे आणि दर्गाही आहे. तिने त्याला दोन्हीकडे हात ठेवायला लावून दारूची शपथ घ्यायला लावली. दोन्हीकडे कशाला, असं मी नंतर विचारलं.

"एकट्याच्यानं होन असं वाटलं नाई, भाऊ," ती म्हणाली.

परत आल्यावर आठ दिवस त्याचे हात इतके थरथरत की पेजेचा वाडगा ओठापर्यंत जाईना. ती भरवत असे. तिसऱ्या दिवसापासून तो दाराकडे बघून बोलू लागला. जेवायला बसला की पत्रावळी मोजायचा आणि दारातल्यांना कमी आहेत म्हणायचा. ती जास्तीच्या मांडत असे. महिन्याभराने पत्रावळी दोनावर आल्या. त्यानंतर तो वेळेवर कामाला येऊ लागला आणि पावसाळ्यात त्याने नाल्यावरच्या पुलाशी रात्रंदिवस पहारा दिला.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत दोन प्रेतं उचलावी लागली. दोन्ही वेळा मेटने आपला वाटा जमिनीवर ओतला. गँगवाले त्याची टर उडवत.

"मेट, मुर्द्याले किती पाजता? तो त आधीच आडवा हाय."

"थोडी आमच्या तोंडावर सांडा ना, आमी बी मरूनच राहिलो."

मेट हसायचा. पण दुसऱ्या खेपेनंतर तो माझ्याकडे आला, स्टेशनच्या बाकावर बसला आणि हात पुढे करून म्हणाला, "वास जात नाई, बाबू. राखेनं घासलो, चिंचेनं घासलो. बाटली जवळ असली का हात आपल्या मनानं चालते."

मी त्या आठवड्यात लाइनीच्या इन्स्पेक्टरला एक अर्ज लिहिला. कामावर असलेल्या माणसांना दारू देणं नियमात बसत नाही, त्यामुळे व्यसन सोडलेल्या माणसाला त्रास होतो, ही रीत बंद व्हावी, असा मजकूर होता. मेटचं नाव घातलं नाही. त्याला विचारलंही नाही.

हुकूम दिवाळीनंतर आला. प्रेत उचलण्यासाठी दारू देण्या-घेण्यास मनाई. मोडल्यास दंड. मी तो गँगला वाचून दाखवला.

"कोरड्या तोंडानं मुर्दा कोन उचलन?" एकाने विचारलं.

मेटशिवाय कोणीच उचलला नाही. पुढच्या प्रेताच्या वेळी तिघे जण झाडाखाली बसून राहिले. दंड करा म्हणाले. मेटने कांबळ्यात गुंडाळून ते एकट्याने ठेल्यावर ठेवलं आणि दोन मैल ढकलत आणलं.

ही गोष्ट लाइनीवर पसरली. शेजारच्या दोन गँगांमध्येही कोणी उचलायला तयार नव्हतं. इन्स्पेक्टरची तार आली की आजपासून तिन्ही गँगांच्या हद्दीत प्रेत उचलायला याच मेटला पाठवावं, कारण तो दारूशिवाय काम करतो. पूर्वी त्याच्या वाट्याला वर्षात दोन-तीन येत. माघ संपेपर्यंत पाच आली. प्रत्येक वेळी तार मी घेतली आणि निरोप मीच पाठवला.

चौथ्या प्रेतानंतर त्याची बायको स्टेशनवर आली.

"भाऊ, काल सात पत्रावळी मांडाले लावल्या. आन् त्यायचं होईपर्यंत स्वता जेवले नाई."

फाल्गुनात मेट स्वतः आला. अर्ज कोणी केला हे त्याला जमादाराकडून कळलं होतं.

"तुमी कागद लिवला म्हणते."

"हो."

"भल्यासाठीच लिवला असन."

"हो."

"मंग आनखी एक लिवा. मले नोका बलावू म्हना. दुसऱ्या कोनालेई बाटली द्या, मले काई नाई. बाटलीपासून मी दूर राहीन, पन हे एकट्याच्यानं नाई होत."

मी त्याच्यासमोर दुसरा अर्ज लिहिला, त्याचा अंगठा घेतला आणि त्याच दिवशी गाडीने पाठवला. उत्तर नवव्या दिवशी आलं. मेटचं काम समाधानकारक आहे, व्यवस्थेत बदल करण्याचं कारण दिसत नाही. मी ते वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "समाधानकारक म्हंजे का?" मी सांगितलं, "चांगलं." तो ठेल्याची चाकं बघायला गेला.

त्यानंतरचं प्रेत त्या मंगळवारचं. तेंदूपानाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन एक बाई रुळावरून चालली होती. गठ्ठ्यामुळे तिला वळणावरची गाडी दिसली नाही. बाराच्या पुढे तार आली. मी माणूस पाठवला. मेट घरी नव्हता. ऊन कडक होतं, जमादार पंचनामा उरकून झाडाखाली थांबला होता.

अडीचच्या सुमारास मेट भट्टीच्या बाजूने स्टेशनवर आला. हातात भरलेली बाटली होती, आणि तो प्यालेला होता. त्याने गँगच्या तिघांना हाक मारली. तिघेही उठले. बाई पडली होती तिथे जाऊन त्याने थोडी सांडली, उरलेली तिघांना दिली. दिवाळीनंतर पहिल्यांदा चौघांनी मिळून प्रेत उचललं. बाईला त्यांनी नीट ठेवलं, तिचा पदर तोंडावर ओढला आणि पानांचा गठ्ठाही सोबत आणला.

कामावरच्या माणसांची स्थिती डायरीत लिहिणं हे माझं काम होतं. मी लिहिलं: मेट दारूच्या अमलाखाली. वेळही लिहिली.

दहा दिवसांनी त्याला नोकरीवरून काढल्याची तार आली. ती मीच घेतली, मीच वाचून दाखवली. त्याने अंगठा दिला.

"आता उचलाले कोन येईन?" त्याने विचारलं. मी अंगठ्याचा कागद फाइलला लावला.

चार दिवसांत त्याने खोली रिकामी केली आणि नवरा-बायको देवरीकडे निघून गेले. मी पुढच्या शिवरात्रीला प्रतापगडला गेलो होतो. पायऱ्यांशी त्याची बायको भेटली. ती एकटी होती. तो पौषात गेला, असं तिने सांगितलं. शेवटपर्यंत रोज पीत होता. शेवटचे पंधरा दिवस काही खाल्लं नाही, फक्त पत्रावळी मांडायला लावायचा.

त्याला उचलायला कोण आलं, असं मी विचारलं. गावातले चौघे आले, ती म्हणाली. बाटली तिनेच आणून दिली होती.