मधला तारा

कॉलेजच्या गच्चीवरची दुर्बीण वायरमनच्या ताब्यात कशी गेली, हे आता कॉलेजलाही आठवत नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी हे तिथला दिवा बदलायला गेले आणि खाली यायचंच विसरले, असं त्याची बायको सांगायची. तेव्हापासून दर शनिवारी अंधार पडला की लोकांना आकाश दाखवायचं काम त्याचं. पगार मात्र दिव्यांचाच.

लोक शनीची कडी बघायला येत; हा त्यांना हटकून एक म्हातारा तारा दाखवी. इंधन संपत आलं की तारा फुगतो, अंगावरचे थर सोडून देतो, मधे उरतो तो एवढासा गाभा, पण भयंकर तापलेला. त्याच्या जोरावर सोडलेला वायू दहा-वीस हजार वर्षं चमकतो. मग वायू पांगतो आणि गाभा एकटाच निवत बसतो. हे सगळं तो तळमळीने सांगे, पण लोकांना गंमत वाटे ती वेगळीच. सरळ पाहिलं की तारा दिसे आणि भोवतीचा फिकट वायू गायब होई. नजर जरा कडेला नेली की वायू हजर. डोळ्याचा मधला भाग अंधुक उजेडात कच्चा, एवढंच त्यात. पण मोठी माणसंही पोरांसारखी परत परत करून बघत.

एका शनिवारी लोक यायच्या आधी त्याने दुर्बीण लावली. कडेने पाहिलं, वायू होता, ताराही होता. सरळ पाहिलं, तर दोन्ही गेले.

तारा असा जात नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणजे दोष आरशाचा. त्याने कार्यक्रम रद्द केला, दुर्बिणीचा मोठा आरसा काढला, धुतला, परत बसवला. तीन शनिवार स्क्रू पिळण्यात गेले. आरशाला हात लावलास म्हणून बिचाऱ्या शिपायावर उगाच तोंडसुख घेतलं. आरसा बिघडला तर कडेने तारा कसा दिसतो, हा प्रश्न त्याला पडला नसेल असं नाही. पण काही प्रश्न माणूस दारातूनच परत पाठवतो.

चौथ्या शनिवारी त्याने बायकोला वर आणलं. ती गुडघे धरून, कुरकुरत चढली आणि दुर्बिणीला डोळा लावला.

"मधे काय दिसतंय?"

"चांदणी."

"कडेने नको. सरळ बघ."

"सरळच बघतेय. टाचणीच्या टोकाएवढी आहे. लख्ख."

त्याने स्क्रू फिरवून पुन्हा बघायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ती डोळा न काढता हळूच म्हणाली, "अहो, आरसा चांगला आहे."

महिनाभर तो चहा कपाबाहेर ओतत होता, पेपर उघडून एकाच पानावर बसत होता. तिच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. पण तिला बोलायचा धीर होत नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आकृती काढून समजावलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, दोन्हीकडे. इतके दिवस एक डोळा दुसऱ्याला सांभाळून घेत होता. कडेचं दिसत राहील. मधलं गेलं ते परत येणार नाही. चष्म्याने भागणार नाही आणि औषधही नाही. काहीतरी असेलच की, असं त्याने चारदा विचारलं. तारा वाचवता येत नाही का, असं गच्चीवर कुणी विचारलं की तो हसायचा. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, एवढंच.

बाहेर बाकावर दोघं बसले. दुर्बिणीची किल्ली सोमवारी देऊन टाकतो, असं तो म्हणाला. तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"आणि मी? मी दिसते का तुम्हाला?"

तिचा चेहरा दिसावा म्हणून त्याने नजर जरा बाजूला, भिंतीवर नेली.

"तिकडे काय बघताय? माझ्याकडे बघून सांगा."

त्याने मान वळवून सरळ तिच्याकडे पाहिलं. केस होते, खांदे होते, मांडीवरची पिशवी होती.

"दिसतेस," तो म्हणाला.