खुंट्यासकट जातं

आधीच सांगून टाकते, असले किस्से मी करमणूक म्हणून वाचते. रिकाम्या बंगल्यातली पैंजणं, पिंपळाखालची बाई… दुपारच्या चहाबरोबर वाचायचं, हसायचं, आणि पुन्हा मशीनवर बसायचं. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही, मुलीची दृष्ट मी आयुष्यात काढली नाही. त्यामुळे खालचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. हसणार नाहीत ते माझ्याबद्दल काय म्हणतील, तेही मला ठाऊक आहे.

आम्ही नगरला सावेडीत राहतो. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं.) घर स्वतःचं, तळमजला, तीन खोल्या. पुढच्या खोलीला रस्त्याकडून वेगळं दार आहे आणि त्या दारावर माझा कित्येक वर्षं डोळा — तिथे शिवणक्लास काढायचा. मुलगी शिकायला पुण्याला गेली, खोली रिकामी झाली, मी बोर्ड रंगवायलासुद्धा टाकला. नेमकं त्याच महिन्यात मिरजगावच्या दिरांनी जुनं घर पाडून हायवेला गाळे काढायचं ठरवलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, टेम्पोत बसून आमच्याकडे आल्या. सोबत अख्खा संसार. तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, जातं, फणेरपेटी, पितळी डबे. पुढच्या खोलीत आत्या, आणि आत्यांच्या भोवती ते भंगार.

आत्या तोवर ठणठणीत होत्या हे लक्षात ठेवा. वय ऐंशीच्या घरात, पण सुईत दोरा स्वतः ओवायच्या.

आमच्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. घरात नको असलेल्या वस्तूचा फोटो टाकायचा, ज्याला हवी त्याने येऊन न्यायची. पैशाचा संबंध नाही. नियम एकच — वस्तू पूर्ण हवी. मिक्सर दिला तर भांड्यांसकट, पलंग दिला तर नटबोल्टसकट. या बाबतीत माझं नाव होतं. झाकणाशिवाय डबा मी कधी दिला नाही, पुसल्याशिवाय तर नाहीच. लोक लिहायचे, 'ताई, किती मोठं मन!' खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली होती. आणि खोलीही मोकळी व्हायला हवी होती.

पहिला गेला बंब. टेम्पोत आदळून त्याची तोटी निघाली होती आणि ती कुठे गेली कुणास ठाऊक. नेणारे म्हणाले, नवी बसवू. माझ्या हातून अर्धवट गेलेली ती पहिलीच वस्तू, मला चुटपुट लागून राहिली. आत्या दोन दिवस फुगून बसल्या, बाकी काही झालं नाही.

मग पाटा-वरवंटा. एका शिक्षिकेला सोनईला आईकडे द्यायला हवा होता, ती गाडी घेऊन आली आणि घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी उजव्या हातात चहाचा कप धरला आणि तो सरळ फरशीवर गेला. बोटं मिटेनात. डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन केला, त्यात काही निघालं नाही. नस दबली असेल म्हणाले, वय झालंय. मलाही ते पटलं.

पंधरा दिवसांनी फणेरपेटी दिली — फणी, कुंकू ठेवायची लाकडी पेटी, झाकणाच्या आत आरसा असलेली. कॉलेजातली एक मुलगी शोभेला म्हणून चार वाजता घेऊन गेली. पाचच्या चहाला आत्यांनी मला विचारलं, लाईट गेली का? डोक्यावर पंखा फिरत होता आणि दारातून लख्ख ऊन आत आलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तासभर तपासलं. मोतीबिंदू आधीच काढलेला, डोळा चांगला, मग यांना दिसत का नाही ते त्यांना सांगता येईना. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तेव्हापासून आत्यांनी अंथरूण धरलं, कुशीवर वळायलाही आधार लागायला लागला.

मग एकदा, रात्री-बिरात्री नाही, चांगल्या सकाळी, मी भरवत असताना आत्या म्हणाल्या, "गाय इकली तरी दावं घरात ठिवत्यात. पोतं बाजाराला काढलं तरी मूठभर दाणं मागं ठिवत्यात. तू समदं मुळासकट देती. त्येच्यासंगं मी बी चालले गं."

मी म्हटलं, आत्या, काहीतरीच काय. पण दुपारी खोली झाडताना पलंगाखाली बंबाची तोटी सापडली. ती पुसून मी कपाटात ठेवली. बंब गेला तेव्हा आत्यांना काहीच झालं नव्हतं.

मी शिवणारी बाई आहे, माप घेतल्याशिवाय कापड कापत नाही. मी पितळी डबा ग्रुपवर टाकला आणि झाकण हरवलंय म्हणून लिहिलं. झाकण माझ्या कपाटात. आठ दिवस आत्यांवर नजर ठेवली. जेवण ठीक, झोप ठीक, काही झालं नाही.

माणसाच्या जातीचं कुणी असतं तर त्याच दिवशी सोनईला गेलं असतं. लांब नाही, तास-सव्वा तास. मी त्या शिक्षिकेला मेसेज लिहिला, 'वरवंटा तेवढा परत मिळेल का?' आणि पुसून टाकला. दिलेलं परत मागणारी, असं ग्रुपवर झालं असतं. एवढंच कारण. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. ह्यांना अर्धंमुर्धं सांगून पाहिलं, ते एमआयडीसीतून दमून आलेले. तुझं तू बघ म्हणाले.

आता आत्यांकडे उरलं होतं तोंड, आणि ते दिवसभर चालायचं. ब्लाउज टाकायला कुणी आलं की आतून आवाज यायचा. रडणं नाही, ओरडणं नाही, गावाकडची खबर सांगावी तसं. "सून मला वाटून टाकती हाय बाई. हात सोनईला गेला. डोळं कालिजातल्या पोरीकडं हायेत. आता जीभ ऱ्हायली."

बायका माझ्याकडे बघायच्या. एकीने तर तोंडावर विचारलं, घरात काही भांडण चाललंय का? आधी मला लाज वाटली, मग राग आला, आणि मग रागच राहिला. तीन गिऱ्हाइकं परत आली नाहीत. जिला भरवायचं, जिचं सगळं अंथरुणातलं करायचं, तीच गावभर माझी अब्रू काढतेय, असं मला वाटायचं.

आत्यांचा आवाज जात्यातला होता. मिरजगावात लग्नसराईला हळद दळायची असली की ओव्या म्हणायला आत्यांना बोलावणं असायचं. दहा-वीस घरं तरी धरून बसायची, आत्या आल्याशिवाय जात्याला हात लावायचा नाही. तेव्हा जातं गेलं की काय जाईल, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी सोमवारी सकाळी जात्याचा फोटो टाकला.

जामखेडच्या एक ताई पिकअप घेऊन आल्या. मुलीचं लग्न होतं, हळद दळायला अख्ख्या आळीत जातं नाही म्हणाल्या. साधी, चांगली बाई. आत जाऊन आत्यांच्या पाया पडली. आत्यांनी डाव्या हाताने चाचपत तिचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "जातं ने बाई, तुझ्या लेकीचं चांगलं हुईल. पर खुंटा हितं ऱ्हाऊ दे. मला बोलाया लागतंय."

खुंटा म्हणजे जातं फिरवायचा लाकडी दांडा. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या की ताई. बाभळीचा खुंटा आमी घरीच करून घेऊ. त्यात काय अवघड न्हाई."

खुंटा माझ्याच हातात होता. मी तो जात्याच्या भोकात घातला आणि हातोडीने दोन ठोके देऊन पक्का बसवला. ग्रुपचा नियम आहे म्हटलं, पूर्ण वस्तू द्यायची. ठोके ऐकून आत्यांनी ताईंचं मनगट सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं तोंड उघडलं, ओठ हलले, आवाज आला नाही.

त्या आठवड्यात आम्ही आत्यांना स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत हलवलं. बोर्ड लागला. क्लासला अकरा मुली आल्या. गंमत म्हणजे आत्यांना हलवलं म्हणून एकीनेही काही विचारलं नाही. घर इतकं शांत झालं की मी आत फक्त भरवायला आणि कपडे बदलायला जायचे, आणि तेही घाईघाईत.

तीन आठवड्यांनी जामखेडच्या ताईंची व्हॉइस नोट आली. ग्रुपवर नाही, मला एकटीला. हळदीच्या दिवशी जातं फिरवताना त्यांच्या भाचीने मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं. बायकांचं हसणं, बांगड्या, जात्याची घरघर… आणि त्या घरघरीवर एक म्हातारा आवाज. ओवी नव्हती. एकच वाक्य, शांतपणे, पुन्हा पुन्हा — "सूनबाई, कूस बदल. पाठ जळतीया."

ताईंनी खाली लिहिलं होतं, आमच्यात एवढं वयस्कर कुणीच नव्हतं हो, हा आवाज तुमच्या सासूबाईंचा वाटतो.

मी मोबाईल घेऊन आतल्या खोलीत गेले. आत्यांचे ओठ हलत होते. रेकॉर्डिंग आदल्या दिवशीचं होतं, तरी ओठांवर तीच अक्षरं होती, मी नोट लावून ताडून पाहिली. मग त्यांना कुशीवर वळवलं. पाठीला तळहाताएवढी जखम झाली होती. चादर चिकटली होती. कपडे वरच्यावर बदलत होते, आठ दिवस तरी मी ती पाठ पाहिली नव्हती.

आता नर्स येऊन ड्रेसिंग करून जाते, दर दोन तासांनी मी कूस बदलते. डॉक्टर म्हणतात, लहान लहान झटके आले असतील, ते स्कॅनमध्ये दिसतातच असं नाही. ह्यांचंही तेच म्हणणं. असेलही. व्हॉइस नोट मी दोघांनाही ऐकवलेली नाही, त्यामुळे तिचं ते काय स्पष्टीकरण देतील ते मला माहीत नाही. माझ्याकडे तर कसलंच नाही… आत्यांचे ओठ मात्र दिवसभर हलत असतात. त्या काय म्हणतात हे मी जामखेडला विचारलेलं नाही.

ताईंनी जातं पडवीत पोत्याखाली झाकून ठेवलंय. त्याला कुणी हात लावत नाही. परवा त्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं — ताई, पिकअप नगरला येतीच हाय, खुंट्यासकट परत आणून देऊ का, म्हातारीला बोलता तरी येईल.

मी टेप घेऊन क्लासच्या खोलीत माप घेतलं. कापायच्या टेबलाखाली जातं आरामात मावतं. अकरा मुली माना खाली घालून काजं करत होत्या. मी ताईंना लिहिलं, राहू द्या, आमच्याकडे जागा नाही.