बियाणं विकणारे आमचे सर

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. धुळ्याला समाजकार्य शिकून जळगावच्या एका कंपनीत, सीएसआर विभागात लागले. कंपनीचा पैसा समाजासाठी खर्च करणारी सगळी माणसं माझ्यासारखीच शिकून आलेली असणार, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. विभागातल्या मॅडम आधी कामगारांच्या रजा मंजूर करायच्या. त्या गावकऱ्यांनाही पहिल्यांदा "अर्ज आणलाय का?" असंच विचारायच्या. आणि आमचे मॅनेजर, म्हणजे सर, दुसऱ्या कंपनीचं कपाशीचं बियाणं विकत चोपडा तालुका पिंजून आलेले. त्यांना मी 'गरजांचं सर्वेक्षण' समजावून सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईकाला काय हवंय तेच ना?" मी जरा हिरमुसलेच.

माझं पहिलं काम चोपड्याजवळच्या एका शाळेत प्रयोगशाळा बांधायचं. मी स्वतः परीक्षानळी दहावीपर्यंत फळ्यावर काढलेलीच पाहिली होती, त्यामुळे या कामात माझा जीव अडकला होता. ग्रामसभेने होकार दिला नाही तर प्रयोगशाळा दुसऱ्या गावाला जाणार होती.

सभेत मी प्रश्नावली वाचायला घेतली. "तुमच्या प्राधान्यक्रमानुसार..." एवढ्यात पुढे बसलेले एक आबा सरांकडे बोट दाखवून अहिराणीत ओरडले, "अरे, हाऊ तर बियाणवाला शे!"

सभा खो खो हसली. सर उठले आणि जुनी सवय आडवी आली. "मंडळी, इतकी चांगली वस्तू फुकट मिळतेय. दुसरी गावं रांगेत आहेत. आजच ठरवा!"

"फुकट? मंग खपत नही का?" मागून एक जण.

"एकावर एक शे का, भाऊ?" दुसरा.

आबा मात्र आता हसत नव्हते. "तुमनं बियाणं उगनं नव्हतं."

प्रयोगशाळा गेली, मी मनात म्हटलं. तेवढ्यात बचत गटाच्या अक्का उठल्या.

"उगनं नही, खरं शे. पण दुकानदार दार लावीसन बसना. हाऊ उना. बांधावर उभा राहीसन बठ्ठासन्या शिव्या खाद्यात, आन दुसरं बियाणं आनी दिधं."

दुकानदार दडून बसला तेव्हा सगळ्यांच्या शिव्या खायला सर आले होते, हे आबांनाही आठवलं. "मंग चालंल. पण काही बिघडनं तर हाऊच येवाले पाहिजे."

"येईन, आबा. शिव्या खायचा अनुभव दांडगा आहे," सर म्हणाले.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "या पोरले बी आना. शिकी ती." शिकेल म्हणे, पदवी घेतलेली मी!

हात वर झाले. प्रयोगशाळा उभी राहिली.

काही महिन्यांनी तिथला नळ गळून खोलीभर पाणी झालं. सर मुंबईला बैठकीला गेलेले, म्हणून मी एकटीच गेले. आबा दारातच होते. ते जे बोलायला लागले ते प्लंबर येईपर्यंत थांबले नाहीत. 'पण आबा' हे शब्द मी कितीदा तरी गिळले.

शेवटी दम लागल्यावर त्यांनी विचारलं, "यान्या पहिले तू काय करे?"

"काहीच नाही आबा. हीच पहिली नोकरी."

"मंग ठीक शे. शिकशी," म्हणाले, आणि चहा सांगितला.