मिस्तरीच्या अंगठ्याचं नख

"नखाला इचारा, बाई. डोळा झूट बोलतो."

असं म्हणून मिस्तरी उजव्या अंगठ्याचं नख लोखंडावरून ओढायचा. ते नख तुम्ही पाहिलं असतं तर त्या दिवशी जेवला नसता. बोटाच्या पुढं अर्धं पेर वाढलेलं, पिवळं, म्हशीच्या शिंगासारखं जाड, आणि त्याखाली कायमचं काळं तेल. बाकीची नऊ नखं कापायचा, हे एक ठेवायचा. त्याच नखानं तंबाखूची पुडी फोडायची, त्याच नखानं कानात खाजवायचं, आणि दुपारी डबा उघडला की त्याच हातानं भाकरी मोडून मला म्हणायचं, "घ्या की बाई, मेथी हाय."

चौदा वर्षं मी त्याच्या वर्कशॉपमध्ये काम केलं. मेथी एकदाही खाल्ली नाही.

लातुरात बाजाराच्या मागं त्याचं पत्र्याचं शेड होतं आणि त्यात एक जुना लेथ, लोखंड कातायचं यंत्र. भूकंपात आमचं किल्लारीच्या बाजूचं गाव गेलं, तेव्हा मी लातुरात आले. चौथी शिकलेल्या बाईला शहरात कोण खुर्ची देतंय? धुणीभांडी नाहीतर बांधकामावर पाट्या. बरीच वर्षं तेच केलं, मग मिस्तरीकडं लोखंडाची भांडी घासायला लागले, एवढाच फरक. लेथखालचा बुरा झाडायचा, तयार माल रॉकेलमध्ये धुवायचा, पुसून ठेवायचा. बुऱ्याच्या कुसळ्या तळपायात शिरायच्या. मिस्तरी थुंकायचा लेथच्या मागं, तेही मीच धुवायचं. एकदा दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या लुगड्यालाच त्यानं हात पुसले. मी बोंबलले तर म्हणतो, "तेलाचा डाग हाय बाई, पाप न्हाई."

पण काम? कामाला तोड नव्हती, हे मला घाण वाटत असली तरी सांगावंच लागेल. जळकोटहून, देवणीहून लोक पोत्यात बोअरच्या मोटरीचे शाफ्ट घालून आणायचे, रसवंतीवाले चरकाचे रूळ आणायचे. एकदा देवणीचा एक जण स्वतःचं मापाचं यंत्र घेऊन आला. म्हणाला, "मिस्तरी, बरोबर भरून राहिलंय." मिस्तरीनं यंत्राकडं बघितलंसुद्धा नाही. नख फिरवलं. "एक केस जास्ती हाय." त्या माणसानं दोन वेळा पुन्हा मोजलं आणि यंत्र खिशात घातलं. एक केस जास्तच होतं.

त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. बायको वारलेली. पोरगा मोबाइलच्या दुकानात, त्याला तेलाच्या वासानं मळमळायचं. मिस्तरीचं माप हुकत नाही, हे बाजारातलं नाव एवढीच त्याची इस्टेट.

मग लातुराला क्लासेसचं वेड लागलं. भिंतीभिंतीवर पोरापोरींची तोंडं, सिनेमाच्या नटांसारखी, आणि खाली मार्क. आमच्या शेडच्या दोन्ही अंगांना हॉस्टेलं उठली. वरच्या मजल्यावरून पोरं दात घासून खाली थुंकायची. ती हॉस्टेलं बांधणारा एक गुत्तेदार होता. भूकंपात ढिगारे उपसायला भाड्यानं लोडर फिरवून तो वर आला, नंतर नव्या गावांची घरं बांधली, त्यानंतर ही खुराडी. त्याच्या मुलीला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला आणि त्याच्या डोक्यात सत्कार शिरला.

तुम्ही पाहिलंच असेल, हल्ली पुढारी आला की लोडर उभा करतात आणि त्यातून त्याच्यावर फुलं नाहीतर गुलाल ओततात. हॉलमध्ये खरा लोडर मावत नाही. म्हणून या माणसानं घरातला छोटा काढला. परदेशातून मागवलेला, दीड हात लांब, शेळीच्या पिल्लाएवढा जड. त्याला खेळणं म्हणवत नव्हतं. आत खरा पंप, खरं तेल, बोटाएवढे सिलिंडर, आणि सगळं रिमोटवर. फक्त ते मेलेलं होतं.

"चाचा, मुंबईवाल्यांनी हात टेकले," गुत्तेदार म्हणाला. "तुमीच कराल तर कराल."

मिस्तरीनं एक झाकण उघडलं. आत पिवळा चिकट थर, खळीसारखा. तो वास घेत बसला, त्याला काही उमगेना. मी परात घेऊन उभी होते. म्हटलं, "हे करडीचं तेल हाय."

"काय बी काय, बाई?"

"भज्याची कढई महिनाभर न घासता ठेवा, असंच होतंय."

गुत्तेदारानं मान खाली घातली. तेल गळून गेलं म्हणून घरातल्यांनी स्वयंपाकाचं तेल ओतलं होतं आणि वर वाळूत चालवलं होतं. लाखाचं मशीन, त्याला भज्याचं तेल! मिस्तरी इतका हसला की तंबाखू घशात गेली.

वाळूनं सगळे सिलिंडर आतून ओरबाडले होते. मिस्तरीनं ते फेकले आणि नवेच करायला घेतले. ज्या लेथवर मांडीएवढे रूळ फिरायचे, त्यावर आता पेन्सिलीएवढे दांडे. "हत्तीच्या चुलीवर मुंगीचा भात शिजवून राहिलो," म्हणायचा. तेल अडवायच्या एवढ्या लहान रबरी रिंगा लातुरात मिळेनात. म्हणून एस.टी.नं नांदेडला गेला, तिथल्या डिझेल पंपवाल्याकडनं आणल्या. आणल्या कशात? टोपीच्या घडीत. घामानं भिजलेल्या. मी त्या दोन वेळा धुतल्या.

दीड महिना त्यानं दुसरं काम घेतलं नाही. पिस्टन, दांडा, झाकण, नळीच्या टोकाचे पितळी नटसुद्धा त्यानं स्वतः कातले. एक दांडा चार वेळा केला. मी म्हटलं, "आता तरी सोडा, गुळगुळीत झालाय."

"नखाला इचारा."

माझं नख फिरवलं तर मला काही लागलं नाही. त्याचं अडलं. पाचव्यांदा केला.

ज्या दुपारी ते पहिल्यांदा चाललं, त्या दुपारी त्यानं पुढच्या बकेटीत लोखंडाचा बुरा भरला. रिमोटचा दांडा ओढला. लोडरचे दोन हात वर गेले, बकेट उलटली, आणि बुरा वरून खळ्ळकन खाली पडला.

माझ्या हातातली परात सुटली.

मिस्तरीनं मशीन बंद केलं. "काय झालं, बाई?"

मी कुणाला सांगत नव्हते. त्या दिवशी सांगून बसले. भूकंपाच्या चौथ्या दिवशी आमच्या गल्लीत लोडर आला. त्याआधी आम्ही हातानं उकरलं, पण हात पुरत नाहीत. लोडर दगडमाती उचलायचा आणि उंचावरून ट्रॉलीत ओतायचा. एका खेपेला मातीबरोबर माझा नवरा आला. ड्रायव्हरला धुळीत काय दिसणार? बकेट उलटली.

"उचलल्याचं मला काही न्हाई," मी म्हटलं. "उचलायलाच पायजे. पर माणसाला वरून ओतू नये."

मिस्तरीनं बकेटीच्या काठावरून नख फिरवलं आणि म्हणाला, "हितं घासायला पायजे." मला त्याची शिसारी आली. मी काय सांगतेय आणि हा काय बघतोय! दोन दिवस मी त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही.

त्यानंतर त्यानं एक पितळी कडं केलं, लहान पोरीच्या अंगठीएवढं. दिवसभर घासलं. धुवायला माझ्याकडं आलं.

"हे कशाला?"

"बकेट उलटवायचा सिलिंडर हाय ना, त्याच्या आत बसतंय."

"पैलं तर नव्हतं."

"पैलं चुकलं हुतं," तो म्हणाला.

मी धुतलं आणि दिलं. माझं डोकं तेव्हा फक्त एकाच गोष्टीनं भणभणत होतं. माझं सगळं ऐकूनही हा माणूस ते मशीन त्या सत्काराला देणार होता.

दिलंच. हॉलमध्ये मलाही बोलावलं, म्हणजे मशीन पुसायला. स्टेजवर टेबल, टेबलावर झेंडूच्या माळा घातलेला लोडर, बकेटीत गुलाबाच्या पाकळ्या. समोर ती मुलगी, चष्मा लावलेली, घाबरलेली, नव्या साडीत घुसमटलेली. गाणं इतकं मोठ्यानं की छातीत धडधडावं. मिस्तरी धुतलेली टोपी घालून मागच्या खुर्चीवर. मी दारात, हातात फडकं.

गुत्तेदारानं एका हातात माइक घेतला, दुसऱ्यात रिमोट. "आता बघा मंडळी, आपल्या ताईवर फुलांचा पाऊस!"

लोडरचे हात वर गेले. मुलीनं डोळे मिटले. बकेट जराशी वाकली आणि थांबली. दोन पाकळ्या पडल्या.

त्यानं पुन्हा ओढलं. बकेट तिथंच.

"चाचा, अडकलं की हो!"

मिस्तरी उभा राहिला. "अडकलं न्हाई साहेब. खाली घ्या."

"खाली कशाला? वरून टाकायचंय!"

"खाली घ्या. खाली आलं की व्हतंय."

मला तो सगळा प्रकार घाण वाटत होता, फुलं, गाणं, मशीन, आणि सगळ्यात जास्त तो म्हातारा. मी दारातूनच बोलले, "डोळे गेले म्हाताऱ्याचे. आता कुठलं माप!" हळू बोलायचं मला कधी जमलं नाही. पुढच्या रांगेपर्यंत गेलं. लोक हसले. गुत्तेदाराला आयतंच सापडलं. माइकवरून म्हणाला, "ऐका, चाचाचीच बाई म्हणून राहिली, चाचाचे डोळे गेले!" सगळा हॉल हसला. मग त्यानं मुठीनं पाकळ्या काढल्या आणि मुलीच्या तोंडावर फेकल्या. तिनं एक थुंकली.

मिस्तरीनं माझ्याकडं एकदा बघितलं. आता म्हणेल, नखाला इचारा. म्हणाला नाही. टोपी नीट केली आणि खाली बसला.

आठ दिवसांत बाजारभर झालं. मिस्तरी हुकला. जळकोटचे, देवणीचे लोक दुसरीकडं, कॉम्प्युटरच्या मशीनवर काम न्यायला लागले. एकानं तोंडावर सांगितलं, "तुमच्याच बाईनं म्हटलं ना." गुत्तेदाराच्या ड्रायव्हरनं लोडर पोत्यात घालून दारात टाकला. मिस्तरीनं तो पुसून फळीवर ठेवला.

"उघडून तरी बगा, कुठं चुकलं ते," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या. बरोबर हाय ते."

म्हाताऱ्याचा हेका, असं म्हणून मी बुरा झाडायला लागले. झाडायला आता बुराही फार नसायचा.

एके दुपारी डबा उघडला आणि मला त्याचा अंगठा दिसला. नख कापलेलं होतं. खालची कातडी लहान मुलासारखी गुलाबी.

"नख कुठाय?"

"आता कोन इचारतंय त्याला," तो म्हणाला. "घ्या की बाई, मेथी हाय."

चौदा वर्षं मला वाटत होतं, कधी एकदा कापतो. त्या दिवशीही मी मेथी घेतली नाही. मी उठून बाहेर गेले.

पुढच्या उन्हाळ्यात तो वारला. पोरानं लेथ भंगारात घातला. मला म्हणाला, "मौसी, तुमाला काय पायजे ते घ्या." मी फळीवरचा लोडर घेतला. मेलेल्या माणसाची चूक शोधायची मला हौस, दुसरं काय.

घरी अंगणात उन्हात बसून मी तेल काढलं आणि बकेट उलटवणारा सिलिंडर उघडला. इतक्या वर्षांत एवढं मला येत होतं. रॉकेलच्या परातीत ते पितळी कडं पडलं. मी त्यावरून नख फिरवलं. कुठंच अडलं नाही, आत नाही, बाहेर नाही, काठावर नाही. असं काम त्यानं कुठल्या रुळावर केलं नव्हतं. कडं बाजूला ठेवून सिलिंडर जोडून बघितला, तर बकेट पूर्ण उलटत होती. म्हणजे माप हुकलेलं नव्हतं. त्यानंच कडं घालून मुद्दाम अडवलं होतं.

हॉलमध्ये त्यानं हे सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का? मग माझ्या नवऱ्याची गोष्ट त्या माइकवर आली असती.

मी कडं परत आत घातलं आणि झाकण पिळलं. बकेटीत ज्वारी भरली. लोडरचे हात धरून वर उचलले, सिलिंडरचा दांडा हातानंच पुढं ओढला. बकेट वाकली, कड्याला अडली, थांबली. एक दाणा पडला नाही. मग सावकाश खाली आणलं. हात खाली येतील तसं बकेटीचं तोंडही खाली वळत गेलं, फरशीला टेकता टेकता ती आपोआप पुढं कलली आणि ज्वारी तिथं ठेवली गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

दोनदा म्हणाला होता म्हातारा, खाली घ्या.