सात नंबरची काडी

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. आलेला बोल्ट मोजायचा, मापात नसेल तर लाल ट्रेमध्ये टाकायचा. एवढं एकच काम मला धड येतं, आणि त्यानंच घात केला.

आमच्या चऱ्होलीच्या घरापुढचा रस्ता रुंद होणार, म्हणजे फाटकाजवळचा आईचा गावठी गुलाब जाणार, हे ठरलं. लग्न झालं त्या वर्षी तिनं तो माहेराहून आणून लावलेला. देवाला रोज त्याचंच फूल. ती एवढंच म्हणाली, "रस्ता व्हायचा तर व्हऊ दे. मला ह्याचं एक रोप करून दे, बास."

मी कृषी सेवा केंद्रातून मुळं फुटायची हार्मोन पावडर आणली. बारा काड्या कापल्या, टोकं पावडरीत बुडवून कुंड्यांत खोचल्या, नंबरसुद्धा लावले. डबीवर स्पष्ट लिहिलं होतं, महिनाभर हलवू नका. पण महिनाभर न तपासता बसणं माझ्याच्यानं होईल तर शपथ! दर रविवारी काड्या उपटायच्या, मुळं शोधायची, पुन्हा पावडर लावून खोचायच्या.

"आरं, सारखं उपटल्यावर त्या धरतील कशा?" आई म्हणायची.

"पावडर कमी पडतेय गं," असं म्हणून मी आणखी थापायचो. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणा कुठला!

एकेक करत अकरा काड्या काळ्या पडल्या. त्यातच एके सकाळी जेसीबी आला आणि दहा मिनिटांत गुलाब मातीखाली गेला. मी पहिल्या शिफ्टला होतो. नव्या काड्या घ्यायचीही सोय राहिली नाही. संताप संताप झाला, पण काढणार कुणावर?

उरली सात नंबरची काडी. तिला दोन पानं फुटली, तशी आईनं ती कुंडी आपल्या खोलीच्या खिडकीत नेऊन ठेवली. "हिला हात लावलास तर बघ."

पण पानं आली म्हणजे मुळं आलीच असं नसतं. काडीत उरलेल्या रसावरही पानं येतात. हे मला माहीत होतं, आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. आई देवळात गेल्यावर मी काडी हळूच ओढली. मूळ होतं. एकच, पांढरं, दोऱ्याएवढं. ते तुटून मातीत राहिलं आणि काडी हातात आली.

मी ती परत खोचली. आई रोज सकाळी तिला पाणी घालते, पानांवरून बोट फिरवते आणि म्हणते, "धरलं बघ."

मी म्हणतो, "हो."