वाडीतल्या खुंटांच्या ओळी

घरामागच्या भाजीपाल्याच्या जागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. आमची सांदवाडी आणि शेजाऱ्यांची सांदवाडी यांच्यामध्ये बोराटीचे कुंपण होते. ते दर वर्षी नव्याने घालावे लागे. पावसाळाभर खुंटांना उदई, म्हणजे वाळवी, लागायची आणि धान घरी येईपर्यंत अर्धे कुंपण आडवे झालेले असायचे. मग मार्गशीर्षात जंगलातून बोरीच्या काट्या आणायच्या, नवे खुंट रोवायचे आणि पळसाच्या मुळाच्या दोरांनी बांधून घ्यायचे. एक वर्ष आम्ही घालायचो, एक वर्ष ते.

या बारीला कारण होते. जुन्या खुंटांची बुडे जमिनीतच राहतात, म्हणून नवा खड्डा त्यांच्या शेजारी खणावा लागतो. खणणारा आपल्या वाडीत उभा राहून खणतो, त्यामुळे खड्डा त्याच्याच बाजूला पडतो. जो कुंपण घालील त्याची चार बोटे जागा जाते. पुढच्या वर्षी दुसऱ्याची जाते, आणि कुंपण जिथल्या तिथे राहते. हे कोणी कोणाला शिकवलेले नव्हते.

कुंपणाच्या आत, आमच्या बाजूला, हातभर अंतरावर माझी बहीण पुरलेली होती.

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात ती जन्मली आणि नवव्या दिवशी गेली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बारसे व्हायचे होते, म्हणून तिला नाव नव्हते. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. वाडीच्या कडेला माती मऊ होती आणि तिथे कोणाचा पाय पडत नसे. वडिलांनी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली, दोन वीत खणले आणि थांबले. ते मास्तर होते. त्यांच्या हाताला मातीचे काम ठाऊक नव्हते असे नाही, पण त्या दिवशी हात पुढे चालेना. तेव्हा शेजारची काकी कुंपणाच्या फटीतून अलीकडे आली, त्यांच्या हातातून तिने सब्बल घेतली आणि उरलेले खणले. लेकरू तिनेच आत ठेवले. आई बाळंतिणीच्या खोलीत होती. तिने ती जागा बाराव्या दिवसानंतर पाहिली. त्यावर एक चपटा दगड होता, जुन्या पाट्याचा तुकडा.

पुढे आई तिथे रडत बसली असे मला आठवत नाही. ती एवढेच करायची, की नव्या धानाचा पहिला भात शिजला म्हणजे आम्हाला वाढण्याआधी मूठभर पळसाच्या पानावर घेऊन त्या दगडावर ठेवून यायची. आम्ही ताटावर वाट पाहत असायचो. ती परत आली की हात धुऊन वाढायला घ्यायची.

त्यानंतरच्या दोन वर्षांत भांडण झाले. शेजारचे काका दम्याने आजारी पडले आणि त्यांची बारी चुकली. वडिलांनी लागोपाठ दोनदा कुंपण घातले. आठ बोटे जागा आमची गेली. गावात कोणी हे मनावर घेतले नसते. वडिलांनी घेतले. ते शाळेत मुलांना फूटपट्टीने समास आखायला लावत. त्यांनी काकांना सांगितले, की यंदापासून तुम्ही लागोपाठ दोनदा घाला म्हणजे हिशेब सरळ होईल. काका बाजेवर बसून खोकत होते. शेजाऱ्यांचे घर तळी बांधणाऱ्यांचे. गावाचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला, आणि ते बोलण्यात नेहमी यायचे. काका म्हणाले,

"आमच्या आज्यानं येवढा तलाव बांधला, त्याले दोरी नाही लागली. मास्तरच्या वांग्याईले दोरी लागून राहिली."

ओसरीवर चार माणसे होती. ती हसली. वडील घरी आले आणि त्यांनी पटवाऱ्याकडे मोजणीचा अर्ज लिहिला. त्यांचे अक्षर सुंदर होते. आई म्हणाली की राहू द्या. ते म्हणाले की एकदा कागदावर आले म्हणजे कोणाचे बोलणे ऐकून घ्यावे लागत नाही.

मोजणी झाली त्या दिवशी शाळेला सुटी होती. साखळी ओढली गेली, कागद पसरला, पुन्हा साखळी ओढली गेली. पटवारी आमच्या वाडीत चालत आला आणि वांग्यांच्या वाफ्याशी थांबला. तिथे त्याने खुंटी ठोकली. कागदावरची हद्द आमच्या कुंपणाच्या तीन हात आत होती. कधी काळी शेजाऱ्यांच्या बाजूने जास्त वर्षे कुंपण घातले गेले असणार आणि ती जागा आमच्याकडे आली असणार. दगड आता खुंटीच्या दोन हात पलीकडे होता.

आई मागच्या दारात उभी होती. काकी आपल्या वाडीत उभी होती. दोघींनी दगडाकडे पाहिले नाही, दोघींनी वडिलांकडे पाहिले. त्यांनी एक वाक्य बोलायचे होते. त्या दगडाखाली माझी मुलगी आहे, एवढेच. काका हट्टी होते, पण तसले नव्हते. परंतु अर्ज वडिलांचा होता, ओसरीवर हसलेली माणसे कुंपणाशी येऊन उभी होती, आणि पुरलेल्या लेकराचे नाव पुरुष काढत नसत. तिला तर नावही नव्हते. वडील म्हणाले, "जे आहे ते आहे."

काका म्हणाले, "तुमीच बलावलं होतं गा, मास्तर." मग त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले, की आता हद्द माझी आणि कुंपणही माझे, मास्तरांनी यापुढे सब्बल उचलायची गरज नाही.

आठ दिवसांत नव्या रेषेवर कुंपण उभे राहिले. ते घालण्याआधी वडिलांनी एक गोष्ट केली. त्यांनी तो दगड उचलला, आमच्या बाजूला आणून मेथीच्या वाफ्याच्या कडेला नीट बसवला, आणि आईला तिथे नेऊन दाखवला. आईने पाहिला आणि ती आत गेली. त्या दगडावर तिने कधी काही ठेवले नाही. नव्या धानाचा भात ती कुंपणाच्या बुडाशी ठेवायची, काट्यांमधून जाईल तितका हात आत घालून.

दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. विहीर एकच होती, म्हणून काकी आणि आई पाण्याला एकमेकींच्या वेळा टाळत. काकांच्याने सब्बल उचलत नव्हती, त्यामुळे कुंपण दर वर्षी काकी घाली. मी मागच्या दारातून तिची पाठ पाहायची. एके वर्षी पलीकडे, नेमक्या त्या जागेवर, दुध्या भोपळ्याचा वेल आपोआप उगवला. त्याला तिकडे एक भोपळा आला, पांढरा होऊन मोठा झाला. काकीने तो तोडला नाही. वेल काट्यांतून आमच्याकडे आला होता, आणि इकडे लोंबणारे फळ इकडच्यांचे अशी रीत होती, पण एक दुसरा भोपळा इकडे लोंबत असून आईनेही तो तोडला नाही. दोन्ही भोपळे शिशिरात वेलावरच वाळले. आत बिया वाजत. वारा आला की तो आवाज मला अंथरुणात ऐकू यायचा, आणि मी जागी आहे हे आईला कळू नये म्हणून मी हलायची नाही.

तेराव्या वर्षी मला शिकायला गोंदियाला ठेवले. छोट्या लाईनच्या गाडीने सुटीत घरी यायची. नंतर मी तिथेच मुलींच्या शाळेत शिकवू लागले. वाडीकडे माझे लक्ष राहिले नाही. मी माजघरात पुस्तक घेऊन बसायची आणि आई मागच्या दारात उभी असायची, चौकटीला खांदा लावून. एवढा वेळ काय पाहतेस, असे मी तिला एकदाही विचारले नाही. आज हे लिहिताना मी इथे बराच वेळ थांबले.

ती गेली ते फाल्गुनात. पंधरा दिवस ताप होता. शेवटच्या दिवसांत ती फार बोलली नाही. एकदा मी तिला पाणी देत होते तेव्हा ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "अजून अर्धा हात राहिला." कशाचा, म्हणून मी विचारले. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान भिंतीकडे केली. वडील पायथ्याशी बसले होते. त्यांनीही ऐकले.

मी पुन्हा घरी गेले ती नाताळच्या सुटीत. धान घरी येऊन महिना झाला होता, पण वडिलांनी नवा भात शिजवला नव्हता. एकटेच जुन्या तांदळावर राहिले होते. मी भात केला. त्यांनी पळसाचे पान स्वतः पुसून माझ्यासमोर ठेवले.

"तुझी आई ठेवायची तिथे ठेवून ये," ते म्हणाले. "मला ती जागा ठाऊक नाही."

मी पान घेऊन वाडीत गेले. तीन वाफे ओलांडून गेल्यावर पायाला काहीतरी टोचले. खाली वाकले तर खुंटाचे बूड होते, जमिनीलगत कुजलेले. त्याच्या पुढे चार बोटांवर दुसरे. त्याच्या पुढे तिसरे. मी पान खाली ठेवले आणि हातांनी गवत बाजूला केले. खुंटांच्या ओळीच होत्या, वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. घराजवळच्या ओळीत लाकूड उरले नव्हते, काळी भुकटी भरलेले खळगे तेवढे होते. कुंपणाजवळची बुडे अजून टणक होती. मी मोजल्या. नऊ ओळी, आणि त्यांच्या पलीकडे उभे असलेले कुंपण.

नऊ वेळा चार बोटे म्हणजे दीड हात. दगडाची जागा दोन हातांवर होती.

आई मागच्या दारातून हेच पाहत होती. कुंपण पलीकडे जात होते, दर वर्षी चार बोटे, आणि तिचा नव्या भाताचा हात तितकाच पुढे जात होता. तिला अजून तीन वर्षे हवी होती.

भाताचे पान तसेच घेऊन मी रस्त्याने फिरून शेजाऱ्यांच्या दारी गेले. नऊ-दहा वर्षांत आमच्या घरचे कोणी त्या दारात गेले नव्हते. काका अंगणात बाजेवर पडून होते. काकी मागे काट्यांचा भारा सोडत होती. तिचे केस सगळे पांढरे झाले होते. तिने माझ्याकडे पाहिले, मग पानाकडे.

मी म्हटले, "काकी, हे कुंपण तुम्ही सरकवत आणलं का?"

"मी कायले सरकवू, पोरी? आपल्या अंगानं खनलं का कुंपन आपल्या अंगाले येते. तुह्या बापाले इचार, त्यानं तं हिशेब केला होता."

ती पुन्हा काट्यांकडे वळली. तिच्या हातांवर जुन्या ओरखड्यांवर नवे ओरखडे होते. मी पान बाजूला ठेवले. मग म्हटले, की यंदा कुंपण मी घालते, कधीची आमची बारी राहिली आहे, मी आमच्या वाडीत जाऊन खणायला लागते.

तेव्हा मात्र ती झटकन उभी राहिली.

"तिकून नोको खनू. तिकून खनशील तं मांगं जाईन." आणि मग हळू आवाजात, "येवढ्या सालाचं मांगं जाईन, बाई."

तिने सब्बल माझ्या हातात दिली. ती चालत गेली आणि कुंपणापासून दीड-दोन हात अलीकडे, आपल्याच वाडीत, एका जागी उभी राहिली. पायाच्या अंगठ्याने तिने मातीत खूण केली. "इथून खन. म्हंजे पाय बी मोकळे राह्यतीन तिचे." मग हात करून, "डोस्कं तलावाकडं हाये. मीच ठेवली होती."

अंगणातून काकांचा आवाज आला. त्यांनी सगळे ऐकले होते. "मास्तरच्या पोरीनं दोरी नाही आनली वाटते."

काकी खुंट उचलून आणू लागली. थोड्या वेळाने काका खोकले आणि म्हणाले, की ऊन तोंडावर येते आहे, बाज फिरवून दे. ऊन त्यांच्या पाठीशी होते. काकीने जाऊन बाज फिरवली. त्यांची पाठ वाडीकडे झाली, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी कूस बदलली नाही.

मी शाळेत शिकवणारी. सब्बलीची मला सवय नव्हती, तळहात तासाभरात फुटले. काकी माझ्यामागून खुंट रोवत आली. जुने कुंपण काढले तेव्हा आमचे घर समोर उघडे झाले. मी ते या बाजूने आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मागच्या दाराच्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीवर, लाकूड घासून गुळगुळीत झालेले होते आणि दुपारच्या उजेडात ते ओले असल्यासारखे चमकत होते. घराच्या आतून ते दिसत नाही. काकीला ते रोज दिसत असणार, आणि त्याला टेकलेली आईही. मी मान खाली घातली आणि खणत राहिले. प्रत्येक वेळी मान वर केली की तिथे कोणीतरी आहे असे वाटायचे, आणि नसायचे.

नवे कुंपण सगळीकडे चार बोटे सरकले आणि त्या एका जागी पोट काढल्यासारखे बाहेर गेले. शेवटचा दोर बांधण्याआधी काकीने फट ठेवली. मी पान घेऊन त्या फटीतून आमच्या वाडीत आले. भात पार गार झाला होता. तो मी त्या जागेच्या मातीवर ठेवला.

वडील माजघरात पाटावर बसून होते. ताट मांडलेले होते, ते जेवले नव्हते. माझे हात पाहून त्यांनी पाणी आणले. मी हात धूत असताना त्यांनी विचारले, "सरळ झालं का?"

"नाही. एका जागी वाकलं आहे."

ते तांब्यातले पाणी माझ्या हातांवर ओतत राहिले. मला वाटले आता किती म्हणून विचारतील. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"डोकं कोणत्या बाजूला आहे तिचं?"

मी सांगितले. ते उठले, मेथीच्या वाफ्याकडे गेले, आणि मी त्यांना दगडाखालची माती दोन्ही हातांनी मोकळी करताना पाहिले. दगड इतक्या वर्षांत खोल बसला होता. मी मदतीला गेले तर त्यांनी मानेनेच नको म्हटले.